रकाना नसलेली माणसं

सकाळी सातच्या ठोक्याला ती चौकात प्लास्टिकचं स्टूल टाकून बसायची. नगररचना कार्यालयानं तिला वाहनं मोजायला ठेवलं होतं. मांडीवर तक्ता, हातात पेन्सिल. मोटार गेली, एक रेघ. ट्रक गेला, एक रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. पायी चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना तक्त्यात रकानाच नव्हता. वर्षानुवर्षं हाच तक्ता छापला जाई आणि कुणाला म्हणून त्यात काही वावगं दिसत नसे. तिलाही नाही.

नऊच्या सुमाराला तिची नणंद सायकलवरून दवाखान्यात कामाला जायची. नर्स होती, तोंडानं भारी फटकळ. घंटी वाजवत ओरडायची, "वहिनी, आज तरी मोजलंस का गं मला?"

"तुझा रकाना नाही बाई! ट्रक घेऊन ये, मग मोजते."

"बघ हं, एक दिवस खरंच आणीन!"

दोघी हसायच्या. त्यात हसण्यासारखं काय होतं, देव जाणे!

त्या दिवशीही अशाच हसल्या. नणंद पुढे गेली आणि मागून खडीचा ट्रक भरधाव वळला. हिनं सवयीनं रेघ ओढली. हात उचलते न उचलते तोच ब्रेक किंचाळले. नणंद दवाखान्यात पोचली ती स्ट्रेचरवरून, आणि परत घरी आलीच नाही. त्या दिवसाच्या तक्त्यात ट्रकची रेघ आहे. नणंद कुठेच नाही.

तीन महिन्यांनी कार्यालयात बैठक भरली. रस्ता रुंद करायचा, आणि होता तो हातभर पदपथही खणून काढायचा.

"या चौकात पायी आणि सायकलनं जाणारे शून्य," अभियंता साहेब चहाचा घोट घेत म्हणाले. "मोजणीच सांगते. मग पदपथ कुणासाठी? बाई, मोजणी तुमची, इथे सही करा."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"शून्य? शाळेची पोरं, भाजीवाल्या, तुमच्याकडे धुणंभांडी करायला येणारी मावशी, ही काय हवेतून उडत येतात? तुम्ही रकाना ठेवला नाही म्हणून माणसं नाहीत?"

"तक्ता वरून येतो. मी काय करणार?"

"तुम्ही हात झटकायचे आणि आम्ही माणसं उचलायची! इतके दिवस मीही आंधळ्यासारख्या रेघा ओढल्या. आता सही करणार नाही."

"नोकरी जाईल, बाई."

"जाऊ दे मेली!"

सहीवाचून आराखडा अडला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा स्टुलावर हजर. तक्त्याच्या कडेला पट्टी लावून तिनं दोन नवे रकाने आखले होते, पायी आणि सायकल. दुपारपर्यंत ते भरून कागदाच्या मागच्या बाजूवर गेले.

साहेब तणतणत आले. गाडी पलीकडे लावून चौक ओलांडताना त्यांना चार वेळा पाय मागे घ्यावा लागला. घाम पुसत त्यांनी तक्ता हिसकावला. सायकलच्या रकान्यात, सात वाजताच्या ओळीच्याही वर, एक गडद रेघ होती.

"ही कुणाची? सातच्या आधी तर तुम्ही बसतच नाही."

"माझ्या नणंदेची," ती म्हणाली. "मोजायची राहून गेली होती."