माझ्या गारव्याचा गळा कोणी दाबला

मी एक जुनी पांढरी मोटार आहे, मित्रांनो, आणि मला राग आलेला आहे. म्हाताऱ्या माणसांचा राग लवकर जात नाही. जुन्या गाड्यांचाही जात नाही.

तैवानच्या दक्षिण भागात, ताइनान शहराबाहेर, माशांच्या तळ्यांमधल्या एका गावात मी राहते. याच बेटावरच्या कारखान्यात मी घडले. मिंग-थांगने मला घरी आणलं तेव्हा त्याचे केस काळेभोर होते आणि गावात थंड हवेची दुसरी गाडी नव्हती. तळ्यांवरून उन्हात भाजून आलेली माणसं काहीतरी निमित्त काढून माझ्यात येऊन बसत. "काच लाव रे, स्वर्ग बाहेर पळतोय," असं शेजारचा म्हातारा म्हणायचा. मिंग-थांगची बायको सू-यिन सीटला माशांचा वास लागू नये म्हणून जुनी चादर अंथरायची. त्यांचा मुलगा जुंग-वेई दुपारी घरात झोपत नसे, म्हणून त्याला मागच्या सीटवर आडवं करून मिंग-थांग तळ्यांभोवती उगाच एक फेरी मारी. ते दिवस आठवले की माझा राग थोडा निवतो आणि मग दुप्पट चढतो. कारण याच जुंग-वेईने मला भंगारात घालायचं ठरवलं.

या उन्हाळ्याच्या तोंडाशी माझा कॉम्प्रेसर बसला. वय झालं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गावातल्या छाय उस्तादांनी नवा कॉम्प्रेसर बसवला, झिजलेली नळी बदलली, सू-यिनच्या गुडघ्यांसमोरचा कप्पा काढून आतली गार होणारी जाळी धुतली. काम चोख झालं होतं. बिघडवलं ते मिंग-थांगने.

आमच्याकडे यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्याजवळ मक्याच्या खाऊचं पाकीट ठेवतात. पाकीट हिरवंच हवं आणि त्यावरची तारीख उलटलेली नको. बँकेत ठेवतात, इस्पितळात ठेवतात, कुणाला त्यात नवल वाटत नाही. पण ते यंत्रावर ठेवायचं असतं, यंत्राच्या पोटात नव्हे. मिंग-थांगला वाटलं, जितकं आत तितका गुण जास्त. उस्ताद हात धुवायला गेले तेव्हा त्याने पाकीट त्या उघड्या जागेतून पार आत सरकवलं. ते घसरलं आणि माझा पंखा ज्या तोंडातून हवा ओढतो, नेमकं तिथे जाऊन पडलं.

तुमच्या नाकावर कुणी उशी दाबली तर काय होईल, याचा विचार करा. पंखा जोरात लावला की पाकीट त्या तोंडावर घट्ट चिकटायचं. हवा पुरेनाशी झाली की जाळीवर बर्फ धरायचा आणि उरलेली वाटही बंद व्हायची. थोडा वेळ छान गारवा, मग वारा मंदावत जायचा आणि शेवटी नुसती कोमट फुंकर. गॅरेजात जाऊन माझी पाळी येईपर्यंत बर्फ वितळून गेलेला असे.

"उस्ताद, पुन्हा गरम," मिंग-थांग म्हणायचा.

"आत्ता तर गारेगार येतेय. हात लावून बघा."

"रस्त्यात येत नव्हती."

"रस्त्यात मी नव्हतो ना, काका. खाली पाणी बघा केवढं गळतंय. म्हणजे मशीन झकास चाललंय."

ते पाणी माझ्या घुसमटीचं होतं. उस्तादांनी गॅस भरला, मग जास्त झाला म्हणून काढला. थंडाव्याचं माप घेणारा काटा बदलला. पुढचा पंखा बदलला. जे धडधाकट होतं ते सगळं बदललं. उस्ताद वाईट माणूस नाहीत, पण आपण केलेलं काम जिथे संपलं तिथे नंतर दुसऱ्या कुणाचा हात गेला असेल, हे त्यांच्या मनातच आलं नाही. आणि मिंग-थांगच्या मनात काय आलं? पाकिटाचा गुण ओसरला असेल, असं. त्याने ताजं पाकीट आणलं आणि खालून हात घालून तेही आत कोंबलं. आता दोन झाली.

सू-यिनची मूत्रपिंडं काम करत नाहीत. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिससाठी शहरात जावं लागतं. इस्पितळाची व्हॅन दारात येते, पण ती म्हणते, "व्हॅनमध्ये सगळे गप्प बसतात. मला नवऱ्याशी भांडत जायचंय." डायलिसिसनंतर तिच्या अंगात त्राण राहत नाही. आमच्या चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यातल्या एका दुपारी परतताना माझा वारा मंदावला आणि तिची मान छातीवर कलंडली. मिंग-थांगने मला एका देवळाच्या सावलीत उभं केलं. तिथल्या बाईने ओला टॉवेल तिच्या मानेवर ठेवला. तिला घटाघटा पाणीही प्यायची मुभा नाही. मी तिथे उभी होते आणि मला फक्त एक श्वास हवा होता.

दुसऱ्या दिवशी जुंग-वेई तो राहतो त्या ताइचुंग शहरातून आला.

"पा, आता पुरे. नवी गाडी घेऊ."

"या महिन्यात?"

"महिना संपला की लगेच. ही भंगारात."

सातव्या महिन्यात भुतं मोकळी फिरतात, तेव्हा आमच्याकडे कुणी गाडी विकत घेत नाही. भुतांनी मला थोडे दिवस दिले. माणसांनी तेवढेही दिले नसते.

त्यानंतर एका सकाळी, निघण्याआधी दारातच, सू-यिन म्हणाली, "पंखा वाढव. आता कमी कर. परत वाढव."

"काय खेळ लावलायस?"

"आत कोणीतरी चुरमुर खातंय."

"तुझे कान वाजतायत."

"माझी मूत्रपिंडं गेलीत, म्हाताऱ्या. कान नाही. हा कप्पा उस्तादांनी कसा काढला होता?"

त्याने तो दोन्ही बाजूंनी दाबून काढला, पण फार सावकाश. तिने आत हात घातला आणि ते चपटं, ओलसर पाकीट बाहेर ओढलं.

"हे काय?"

"पाकीट," तो समोर बघत म्हणाला. मी तर उभीच होते.

"अजून एक आहे."

"पहिल्याची तारीख जवळ आली होती."

तिने दोन्ही पाकिटं त्याच्या मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "मी इथे गुदमरत होते, आणि तू मशीनला खाऊ भरवत होतास."

त्या दिवशी शहरापर्यंत मी असा वारा सोडला की तिने अंगावर शाल ओढली.

महिना संपला आणि जुंग-वेई नव्या गाडीचं रंगीत पुस्तक घेऊन आला. सू-यिनने त्याला माझ्यात बसवलं. तो कुडकुडला.

"छान आहे, मा. पण गाडी बदलूया तरी."

"का?"

तो अडखळला. "मागच्या खेपेला पा मला स्टेशनवर घ्यायला आले होते ना, तेव्हा दोनदा लाल दिवा ओलांडला. त्यांना कळलंसुद्धा नाही."

ते खरं होतं. ओलांडला तेव्हा मीच तर धावत होते.

"मग इतके दिवस गारव्याचं नाव कशाला घेत होतास?"

"पांना कसं सांगायचं?"

मिंग-थांग दारातच उभा होता. "असंच सांगायचं," तो म्हणाला. "गाडीच्या आडून कशाला बोलतोस? त्या स्मरणशक्तीच्या परीक्षेला जातो मी. म्हाताऱ्या चालकांना द्यावी लागते, मी टाळत होतो. नापास झालो तर किल्ली तुझी. पण हिला भंगारात घालायचं नाही."

तो नापास झाला. आता सू-यिन डायलिसिसला दोन दिवस व्हॅनमधून जाते आणि शनिवारी जुंग-वेई येऊन मला चालवतो. बाकी दिवस मी ताडपत्रीखाली उभी असते.

मित्रांनो, दुरुस्त केलेलं यंत्र पुन्हा बिघडलं, तर त्याच्यावर चिडण्याआधी शेवटचा हात कुणाचा आणि कुठे लागला ते बघा. आणि माणसाची काळजी वाटत असेल तर ती त्या माणसालाच सांगा. मुक्या वस्तूच्या माथी मारू नका. माझा राग त्यासाठी आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

पहिल्या शनिवारी मिंग-थांगने स्वतःच्या हाताने किल्ली मुलाला दिली. जुंग-वेईने मला सुरू केलं, सू-यिन शेजारी बसली, मी थंड वारा सोडला. म्हातारा खिडकीशी वाकला.

"लाल दिव्याला थांब," तो म्हणाला, आणि फाटक उघडायला गेला.