नदीवरची तार

विलो नदीची ओढ संथ, पण सतत. वल्हं मांडीवर ठेवलं तरी होडी अस्पेनच्या पिवळ्या रानातून आपली आपण सरकत राहते. सेलेस्टीन आत्या दर शरदात याच वाटेनं खालच्या गावी बहिणीकडे जाते. यंदा तिचा खुबा नुकताच बदललेला, म्हणून सोबत मी.

बीव्हरांनी लाकडं रचून घातलेल्या बांधाला वळसा घातला, तर समोर नदीवर आडवी काटेरी तार. मधोमध पाटी: खाजगी.

काठावर हॅप्के उभा होता. गेल्या साली शहरातून येऊन त्यानं दोन्ही काठांचं रान घेतलं, शिकाऱ्यांना भाड्यानं द्यायला.

"पाटी दिसत नाही का, आजीबाई? मागं फिरा. होड्यांनी हरणं बुजतात."

"आणि तुझ्या बंदुकांनी नाचतात वाटतं?"

"ही जमीन माझी आहे."

"जमिनीवर कोण आलंय? मी पाण्यात आहे."

"पोलिसांना बोलवीन!"

"बोलव. आम्ही इथंच आहोत."

आत्यानं होडीचा दोर त्याच तारेला बांधला, चहाचा थर्मास उघडला आणि घरच्या बॅनॉक रोटीचा जाड तुकडा मोडून माझ्या हातात दिला.

ऊन कलायला लागलं. मला जोराची लागली होती.

"आत्या, काठावर जाऊन येऊ?"

"त्याच्या जमिनीवर पाय ठेवलास तर बघ! डबा आहे."

हॅप्केकडे पाठ करून मी डब्यात उरकलं. आत्या खो खो हसली, मग तिनं काठाकडे बोट दाखवलं.

"माझ्या आजोबांचं घर याच काठावर होतं, नोएला. जाळून हाकललं त्यांना. जमीन गेली ती गेली. पाण्यावरून मला कुणी उठवायचं नाही."

तिनं थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं.

हॅप्केनं बोलावलेला पोलीस अखेर आला. त्यानं दोघांचं ऐकून घेतलं.

"नदी तुमची नाही, साहेब," तो हॅप्केला म्हणाला. "तार काढा."

"उद्या माणूस लावतो."

"आज," आत्या म्हणाली.

पोलीस हाताची घडी घालून उभाच राहिला. आत्यानं आमचा दोर सोडला. हॅप्केनं झाडाजवळ तार तोडली. ती पाण्यात आपटली.

"गुंडाळ ती," आत्या म्हणाली. "बीव्हरच्या पायात अडकेल."

शिव्या घालत तो कंबरभर गार पाण्यात उतरला. आम्ही त्याच्या बाजूनं पुढं निघालो. मी जोरजोरात वल्हं मारू लागले.

"सावकाश गं," आत्या म्हणाली. "पळतोय असं वाटायला नको."