पन्नास किलोंचा जावई

मित्रांनो, मी वाळूचं एक जुनं पोतं आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत आणि ताकद तर औषधालासुद्धा नाही. माझ्याकडे आहे ते फक्त वजन. पण त्या वजनाच्या जिवावर मी अकरा वर्षं एका मोठ्या कामात काढली, आणि त्या काळात माणसांचं जे पाहिलं त्यानं मी अजून थक्क आहे. व्याकरणात पोतं 'ते' असतं हे मला ठाऊक आहे. तरी मी स्वतःला 'तो' म्हणतो, आणि का म्हणतो ते लवकरच कळेल.

ट्रकवर घालतात त्या जाड ताडपत्रीतून मी जन्मलो. दुहेरी दोरा, तीनदा मारलेली शिवण आणि धरायला दोन बाजूंना दोन कान. मला ज्यांनी शिवलं त्या दप्तरं आणि पिशव्या शिवायच्या. सगळं घर त्यांना वन्सं म्हणे. सगळं घर म्हणजे त्यांची भावजय एकटी. भाऊ बोटीवर कामाला होता आणि वर्षातून दोनदा घरी येई. ही भावजय म्हणजे आमच्या बाई. पूर्वी त्या शाळेत व्यायाम शिकवत. पुढे लोक घरच्या घरी व्यायाम करू लागले आणि बाजारात डंबेल, बार, बेंच, दाराच्या चौकटीत बसवायचे दांडे यांचा नुसता पूर आला. त्यातलं टिकेल काय आणि मोडेल काय, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. बाईंनी शाळा सोडली आणि ते काम अंगावर घेतलं. त्यांचं परीक्षण एका मासिकात छापून येई, आणि लोक ते मोबाइलवरही वाचत.

तळमजल्यावर शटरची एक लांबट खोली होती. जमिनीवर काळं रबर अंथरलेलं, एका भिंतीला बाईंचं सामान, खिडकीपाशी वन्संचं शिवणयंत्र. तिथे मला आणलं. धुऊन, वाळवून, चाळलेली वाळू माझ्यात भरली आणि कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे नेऊन मोजली. बरोब्बर पन्नास किलो. पहिल्याच दिवशी बाईंनी मला एका कोऱ्या बेंचवर बसवलं. वन्संनी चष्म्यावरून पाहिलं.

"बसलाय बघ कसा ऐटीत. नवी बैठक आली की पहिला मान याचा, उचलायचं दुसऱ्यांनी, आणि हा आपला ढिम्म. जावईच आहे हा."

तेव्हापासून मी जावईबापू. आता कळलं ना, मी 'तो' का ते?

माझं काम ऐकायला सोपं होतं. बाई मला मिठी मारून छातीपर्यंत उचलत आणि बेंचवर सोडत. धप्प. पुन्हा उचलत, पुन्हा सोडत. असं शंभर वेळा. मोजणी मोठ्यानं चाले आणि प्रत्येक दहाव्या आपटीला वहीत पेन्सिलीची एक रेघ पडे. मग बाई गुडघ्यांवर बसून बेंचच्या नळ्या, बोल्ट, वेल्डिंग बोटांनी चाचपून बघत. दाराचा दांडा आला की मला त्याला दोन दिवस टांगून ठेवत. मी दारात लोंबत असे आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण मला वाकून नमस्कार केल्यासारखा आत शिरे. माझी त्या दिवसांत फार चैन होती.

पण मित्रांनो, या कामाचा अर्थ मला उशिरा समजला. बेंचवर माणूस उताणा होतो. लोखंडाचा बार छातीवर घेतो. त्या घटकेला त्याचा सगळा भार चार पोकळ नळ्यांवर असतो. त्या नळ्या कुणी कापल्या, कुणी जोडल्या, त्याला माहीत नसतं. त्यानं कुठेतरी एक ओळ वाचलेली असते: 'पन्नास किलोंचं पोतं छातीच्या उंचीवरून शंभरदा आपटलं, काही झालं नाही.' आणि तेवढ्यावर तो पाठ टेकतो. कधी न पाहिलेल्या बाईच्या एका ओळीवर! हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा माझ्यातला कण न् कण शहारला. आपण पोतं असलो तरी लहान नाही, असं मला वाटलं.

दहाव्या वर्षी बाईंची कंबर धरली. डॉक्टरांनी फोटो काढला, मणक्याची गादी दबल्याचं सांगितलं आणि वजन उचलणं कमी करायला बजावलं. बाईंनी शहाण्यासारखी मान हलवली, घरी आल्या आणि चहा व्हायच्या आत मला उचललं.

"अगं, डॉक्टर काय म्हणाले?" वन्सं ओरडल्या.

"कमी करा म्हणाले. बंद करा नाही म्हणाले."

"मग चाळीस किलोंचं पोतं शिवून देते. सगळ्यांचं भलं."

"वन्सं, दहा वर्षं एकाच मापानं मोजतेय. आज माप बदललं तर कालच्या बेंचशी आजच्या बेंचची तुलना कशी करू?"

बाईंचं म्हणणं खरं होतं आणि वन्संची काळजीही खरी होती. रात्री बाई कुशीवर वळताना कण्हत, ते ऐकणाऱ्या वन्संच होत्या. त्यांनी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, दोन दिवस अबोलाही धरला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एका सोमवारी बाई बाजारात गेल्यावर वन्सं माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझ्या तोंडाची दोरी सोडली, एक वाटी वाळू काढून घेतली आणि तेवढ्या जागेत शिवणकामाच्या चिंध्या कोंबल्या. माझं पोट होतं तेवढंच दिसलं.

"बापू, कुणाला सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. मी कुणाला सांगणार, कपाळ!

पुढच्या सोमवारी आणखी एक वाटी. त्याच्या पुढच्या सोमवारी आणखी एक. काढलेली वाळू यंत्राखालच्या डब्यात साठत गेली. एकदम काढली असती तर बाईंना कळलं असतं. वाटीवाटीनं ते कळेना. मी आठ महिने असा झिजत होतो, आणि बाईंचा चेहरा उजळत होता. कारण बाईंना वाटलं, आपली ताकद वाढतेय.

"बघा वन्सं, हा आता फुलासारखा वाटतो मला. कंबरही गप्प आहे."

वन्सं सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "हो का? छान."

बाईंनी त्यावर लेख लिहिला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षीही माणूस काल होता त्यापेक्षा बळकट होऊ शकतो, आणि त्याचा पुरावा मी स्वतः आहे, असं त्यात होतं. तो इतका वाचला गेला की मासिकानं पुन्हा छापला. कुणाच्या आत्यानं तो वाचून काठी सोडून चालायचा सराव सुरू केला, कुणाच्या सासऱ्यांनी डंबेल मागवलं. बाई ही पत्रं मोठ्यानं वाचत आणि मी चिंध्या पोटात घेऊन ऐकत बसे. मला लाजेनं जमिनीत शिरावंसं वाटे, पण खाली रबर होतं.

त्याच आठ महिन्यांत एक निळा घडीचा बेंच आला. दिसायला देखणा, उचलायला हलका. बाईंनी मला त्यावर शंभरदा आपटलं. तो हूं की चूं करेना. बाईंनी लिहिलं, 'डोळे मिटून घ्या.'

मग एके दिवशी काटेवाले काका आले. त्यांचा वजनकाट्यांचा छोटा कारखाना होता. आयुष्यभर दुकानांसाठी काटे बनवले, आणि आता घरी व्यायाम करणाऱ्यांसाठी एक बैठा काटा केला होता, कारण दहा किलो म्हणून विकलेली लोखंडी चकती कधी कधी साडेनऊच भरते. जुन्या घोंगडीत गुंडाळून काटा त्यांनी स्वतः खांद्यावरून आणला, जमिनीवर ठेवला आणि चारही पाय टेकलेत ना ते दोनदा पाहिलं.

"जावईबापू, चला," बाई म्हणाल्या आणि मला काट्यावर ठेवलं.

एक्केचाळीस.

बाईंनी मला उतरवलं, पुन्हा ठेवलं. एक्केचाळीस. त्या काकांकडे वळल्या. "काका, वाईट वाटतंय सांगताना. तुमचा काटा नऊ किलो खातोय."

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे पोतं हलकं आणि काटा वाकडा! मला वाटलं, काका आता चिडतील, भांडतील, दुसरं वजन ठेवून दाखवतील. पण नाही. खाली वाकून त्यांनी काट्यावरून हात फिरवला.

"चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं," ते हळूच म्हणाले. "पण बाई, तुमचं सगळं लिखाण मी वाचतो. तुम्ही म्हणता म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार. तुम्ही लिहा बेलाशक. मी घरी नेऊन उघडून बघतो."

आणि ते घोंगडी उलगडायला लागले. मित्रांनो, त्या माणसानं स्वतःच्या हातांवरचा चाळीस वर्षांचा विश्वास माझ्यापायी सोडून दिला. माझ्यापायी, म्हणजे वाटीवाटीनं पोकळ झालेल्या एका पोत्यापायी. एवढा मोठा भरवसा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

खिडकीपाशी यंत्र थांबलं. वन्सं उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि उकिडव्या बसून त्यांनी माझी दोरी सोडली. एक चिंधी काढली. मग दुसरी. फुलाफुलांची, रेघारेघांची, खाकी. काकांच्या पायांपाशी चिंध्यांचा ढीग झाला.

"काटा खरा आहे," वन्सं म्हणाल्या. "खोटी मी आहे."

बाई येऊन त्या ढिगाशेजारी बसल्या.

"मला सांगायचं होतंत."

"सतरा वेळा सांगितलं. तू ऐकतेस? रात्री तू कण्हायचीस आणि मला झोप लागायची नाही. दुसरं काय करणार होते मी?"

"म्हणजे माझी ताकद..." बाईंनी एक चिंधी उचलली आणि तिच्याकडे पाहत राहिल्या. त्यांचे डोळे भरले. मला वाटलं, आता मोठं भांडण होणार. पण तेवढ्यात बाईंचा चेहरा पांढराफटक पडला, आणि त्या स्वतःचं दुःख विसरल्या.

"वन्सं, निळा बेंच."

पुढे कुणी कुणाला बोल लावला नाही, कारण वेळच नव्हता. डब्यातली वाळू माझ्यात परत आली, काकांनी काट्यावर बघून शेवटची चिमूट टाकली आणि मी पुन्हा पन्नासाचा झालो. भिंतीला लावलेला निळा बेंच उघडला. बाईंनी मला मिठी मारली, आणि मी जागचा हललो नाही. खऱ्या पन्नासाची सवय गेली होती. तेव्हा ज्यांनी जन्मात सुईदोऱ्यापेक्षा जड काही उचललं नव्हतं, त्या एकसष्ट वर्षांच्या वन्संनी माझा दुसरा कान धरला.

"उचल," त्या म्हणाल्या.

दोघींनी मला उचललं. एक. दोन. तीन. दर दहा आपट्यांनंतर त्या धापा टाकत थांबत, काका रेघ मारत. चाळीस झाल्या. पन्नास झाल्या. बेंच तसाच उभा होता आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, टिक बाबा, एवढा टिक. त्रेसष्टाव्या आपटीला घडीच्या सांध्याचं वेल्डिंग उकललं आणि मी बेंचसकट जमिनीवर गेलो. उसवलेली नळी वर आली होती, बरोबर जिथे माणसाचं डोकं असतं तिथे.

बाई खुर्चीवरसुद्धा बसल्या नाहीत. उभ्या उभ्या मोबाइलवर लिहायला लागल्या.

"माझं नाव घाल," वन्सं म्हणाल्या. "मी केलंय ते."

"वाळू तुम्ही काढलीत. पण पोतं मोजून घ्यायचं काम माझं होतं. अकरा वर्षांत एकदाही मोजलं नाही मी."

त्यांनी लिहिलं ते मला पाठ आहे. 'निळ्या घडीच्या बेंचवर कुणीही आडवं होऊ नका. मी चुकले. माझं पोतं नऊ किलोंनी हलकं होतं. आठ महिन्यांत तपासलेलं सगळं सामान पुन्हा तपासते आहे. माझी ताकद वाढल्याचा लेखही खरा नव्हता.' ते शेवटचं वाक्य लिहिलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. त्या एका वाक्यापाशी त्यांचं बोट बराच वेळ थांबलं होतं, आणि मग त्यांनी ते पाठवून दिलं. मित्रांनो, बाईंनी आयुष्यात पुष्कळ जड वस्तू उचलल्या. त्यातलं सर्वांत जड काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

पुढचे तीन दिवस वाईट गेले. लोकांनी टिंगल केली, शिव्या दिल्या. बेंच बनवणारा फोनवर तणतणला, पण बाईंनी पाठवलेला तुटका सांधा बघितल्यावर त्यानं माल परत मागवला. बाईंना ना घास उतरे ना झोप लागे. ज्यांनी वाचलं त्यांचं ठीक, पण ज्यानं वाचलं नाही तो आत्ता आडवा होत असेल, हेच त्यांच्या डोक्यात. वन्सं बेंचवाल्याकडून विकलेल्या बेंचांची यादी घेऊन एकेका घरी फोन लावत होत्या. सगळ्यांनी उचलला. एकानं उचलला नाही. तो एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर होता, वजनानं शंभराच्या वर, आणि रोज पहाटे बार उचलणारा.

चौथ्या दिवशी त्याचा निरोप आला. वन्संनी तो मोठ्यानं वाचला. 'बाई, तुम्ही लिहिलंत म्हणून आडवा झालो होतो. तुम्ही लिहिलंत म्हणून उठलो. फोन बिघडलाय, म्हणून नातीच्या फोनवरून कळवतो. बेंच गच्चीवर टाकलाय. आता कोणता घेऊ ते तुम्हीच सांगा. घाई नाही. आधी पोतं मोजा.'

बाई आधी हसल्या आणि मग रडल्या. वन्संनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, कमरेपाशी जरा जपून.

आता माझी ताडपत्री विरली आहे आणि कान दोनदा नव्यानं शिवले आहेत. दर सोमवारी मला काकांच्या काट्यावर चढवतात, दोघी मिळून. मला त्याचा राग येत नाही. तुमच्याही घरात, शाळेत, दुकानात असं काहीतरी असेलच, ज्याच्यावर विसंबून बाकीचं सगळं चालतं आणि म्हणूनच ज्याच्याकडे कुणी बघत नाही. त्याला अधूनमधून उघडून बघा, मोजून घ्या. ते आपण होऊन सांगणार नाही, कारण आम्हाला तोंड असतं ते फक्त दोरी बांधायला. आणि तिकडे कुणीतरी तुमच्या शब्दावर पाठ टेकत असतं.

त्या ड्रायव्हरकाकांसाठी आज नवा बेंच आला आहे. माझ्या एकोणचाळीस आपट्या झाल्या, एकसष्ट बाकी आहेत.