गोळीचं चित्र कोणी पुसलं?

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझा एक कोपरा तडकला आहे आणि कामाला मी जरा मंद आहे. पण कारखान्यातून निघालो तेव्हा असा चकचकीत होतो की, दुकानाच्या काचेसमोर लोक मला बघायला थांबत. एका मुलीने पहिल्या नोकरीत मला विकत घेतलं. ती मोबाइलची ॲप तयार करायची आणि प्रत्येक ॲप आधी माझ्यावर चालवून बघायची. "याच्यावर चाललं म्हणजे कुठेही चालेल!" असं ती म्हणाली की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पुढे नवे फोन आले. माझी रवानगी टेबलाच्या खणात, तुटक्या चार्जरांच्या संगतीत झाली.

एक दिवस खण उघडला. मुलीचे डोळे रडून सुजले होते. तिच्या बाबांना मेंदूचा झटका येऊन त्यांची वाचा गेली होती. आणि बाबा तर न्हावी! त्यांच्या दुकानात लोक केस कापायला कमी आणि गप्पा मारायला जास्त यायचे.

मुलीने बाबांसाठी एक ॲप लिहिलं आणि मला त्यांच्या हातात दिलं. पडद्यावर सात चित्रं होती: पाणी, जेवण, पंखा, गोळी असं काय काय. चित्राला बोट लावलं की मी तो शब्द मोठ्याने बोलायचो. शेवटचं चित्र दोन खुर्च्यांचं. त्यावर मी म्हणायचो, "ये, बस, गप्पा मारू." बाबा दिवसभर तेच दाबायचे. मला तर पुन्हा नोकरी लागल्यासारखं वाटत होतं.

एका सकाळी बाबांनी खुर्च्यांना बोट लावलं आणि ॲप फटकन बंद पडलं. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. बाबांना वाटलं, आपलंच बोट चुकतंय. त्यांनी मला पालथं ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मग दिवसभर त्यांनी मला हातही लावला नाही.

मुलीने मला कॉम्प्युटरला जोडलं. लाल अक्षरांत चूक उमटली.

"इंडेक्स मर्यादेबाहेर," ती पुटपुटली.

"म्हणजे काय गं?" आईने विचारलं.

"इंडेक्स म्हणजे यादीतल्या जागेचा नंबर. बाबांच्या दुकानात सहाच खुर्च्या आहेत आणि गिऱ्हाइकाला सातवीवर बसायला सांगितलं, तर?"

"आपटेल की तो!"

"तसंच ॲप आपटलं. पण चित्रं तर मी सात ठेवली होती!"

कॉम्प्युटर पहिल्या जागेला शून्य म्हणतो. त्या मोजणीत घोळ झाला असेल म्हणून तिने ओळ न् ओळ तपासली. सगळं बरोबर. तिच्या नव्या फोनवर तर ॲप सुरळीत चालत होतं.

"हा फोनच म्हातारा झालाय," आई म्हणाली. मला फार लागलं ते.

पण मुलगी हटली नाही. तिने माझ्या पडद्यावरची चित्रं मोजली. सहाच! चित्र दाबून धरलं की पुसता यायचं. एक पुसलं, तशा खुर्च्या सरकून सहाव्या जागी आल्या; ॲप मात्र त्यांना जुन्या, सातव्या जागी शोधत होतं.

"बाबा," मुलगी त्यांच्यासमोर बसली, "गोळीचं चित्र कोणी पुसलं?"

बाबा छताकडे बघू लागले. मग त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"अगं बाई!" आई ओरडली. "मी ते चित्र दाबून सारखी गोळीची आठवण करून द्यायचे ना, म्हणून!"

बाबांचं पोट गदगदा हलायला लागलं. आजारपणानंतर ते पहिल्यांदाच हसत होते. आई तर हसता हसता खालीच बसली.

मुलीने ॲपला नवी शिकवण दिली: दर वेळी चित्रं आधी मोज, मगच पुढे जा. आईने सारखी आठवण करून न देण्याचं कबूल केलं आणि बाबांनी आपण होऊन गोळी गिळली, अगदी वाईट तोंड करून. आता संध्याकाळी त्यांची जुनी गिऱ्हाइकं घरी येतात आणि आमची मैफल रंगते.

मित्रांनो, एखादं यंत्र अडलं तर त्याच्यावर थपडा मारू नका. काय बदललं ते शांतपणे बघा. आणि घरातलं कोणी बोलताना अडलं, तर घाईने त्याचं वाक्य पुरं करू नका. जरा थांबा. कदाचित त्याला एखादा विनोद सांगायचा असेल.