आठ तास आपले

एक मे आला की लोकांना झेंडावंदन आठवतं, सुट्टी आठवते. आमच्या घरी शिकागो येतं. लग्न होऊन मी चांदवडहून नाशिकला आले, तेव्हा मला इथले रस्तेसुद्धा धड माहीत नव्हते, पण शिकागोची ओळख पुरती झाली होती. तिथल्या कारखान्यांचा धूर, बारा-बारा, चौदा-चौदा तासांचं काम, १८८६ सालचा संप, मग फासावर चढवलेली माणसं. सगळं आमच्या ह्यांच्या तोंडून. हे म्हणजे चंदर, सातपूरच्या कारखान्यात टर्नर आणि युनियनचे सेक्रेटरी. इतक्या आपुलकीनं सांगायचे की वाटावं, ह्यांचं आजोळ तिकडचंच असणार.

लग्नानंतरच्या पहिल्याच एक मेला मी ह्यांचं भाषण ऐकायला गेटवर गेले होते. टेम्पोच्या हौद्यात उभं राहून ह्यांनी घोषणा दिली, "आठ तास कामाला, आठ तास झोपेला, आठ तास आपले!" सगळे ओरडले. मी ओरडले नाही, मी लाजले. आपले म्हणजे ह्यांचे आणि माझे, असंच मला वाटलं. नव्या नवरीला दुसरा काय अर्थ लागणार? एवढ्या लोकांसमोर माणूस बायकोचा वाटा मागतोय, याचंच मला अप्रूप वाटलं.

मागणं मोठं नव्हतं माझं. संध्याकाळी पाळी सुटावी, ह्यांनी घरी येऊन हातपाय धुवावेत आणि आम्ही दोघांनी गंगापूर धरणावर जाऊन बसावं. शेंगा खाव्यात, सूर्य पाण्यात जाताना बघावा, बोलायचं असेल तर बोलावं. चांदवडला पाण्यासाठी टँकरमागं धावलेली मुलगी मी, मला एवढं पाणी नुसतं बसून बघायचं होतं.

ते काही झालं नाही. पाळी सुटली की युनियनचं ऑफिस, तिथून कुणाच्या तरी घरी, नाहीतर लेबर कोर्टाची तयारी. योगेश झाला, मोठा झाला, त्याच्या शाळेच्या गॅदरिंगला बाप मोर्चात. घरी असले तरी अमेरिकाच चालायची. संपानंतर कायदा व्हायला तिथं पन्नास वर्षं लागली, असं सांगायचे. त्याच्या आधीच एका मोटारवाल्यानं आठ तासांची पाळी केली, कारण कामगाराला मोकळा वेळ असेल तरच तो मोटार घेऊन फिरायला जाईल, असा त्याचा हिशेब. मी म्हटलं, तुम्हाला मोकळा वेळ मिळाला तर तुम्ही कुठं जाल? हे म्हणाले, सभेला. आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाले.

पुढं कारखाना बंद पडला. युनियनमध्ये उरले ते चार म्हातारे, त्यातले दोघे गुडघ्यांनी अधू. यंदा होळीच्या सुमारास हे आपणहून म्हणाले, "या एक मेला भाषणबिषण काही नाही. आपण धरणावर जाऊ." मी नुसतं बरं म्हटलं. आत जाऊन अबोली रंगाची साडी मात्र इस्त्रीला काढली. साठी उलटलेल्या बाईला असं पोरीसारखं व्हावं, याचं माझं मलाच हसू आलं.

एप्रिलमधल्या एका रविवारी योगेश ह्यांच्यासमोर येऊन बसला. तो सातपूरलाच एका नव्या कारखान्यात कंत्राटावर आहे. तिथं पाळी बारा तासांची झाली आहे. तो निघतो तेव्हा त्याची निकिता झोपलेली असते, येतो तेव्हाही झोपलेली असते. चार वर्षांची पोर परवा चैतालीला, म्हणजे तिच्या आईला विचारत होती, पप्पा फक्त रविवारी असतात का? योगेशला बापाच्या राजकारणाचा लहानपणापासून राग. लाल झेंडा दिसला की तो रस्ता बदलायचा. तो म्हणाला,

"पप्पा, एक तारखेला आमच्या गेटवर याल का? सुट्टी असली तरी आम्हाला बोलावलंय. पोरांना कायच माहीत नाय. त्यांना वाटतं, काम बारा तासच असतं."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "तुझ्या आईला शब्द दिलाय मी."

एवढ्या वर्षांत हे वाक्य ह्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. स्वयंपाकघरात चैतालीचं लाटणं थांबलं. मला धरून ठेवता आलं असतं. फार वाटलं, धरून ठेवावं. पण निकिता तिथंच बापाचा मोबाइल घेऊन खेळत होती. मी म्हटलं, जा. आधी गेट, मग तिथूनच धरण.

एक मेच्या आदल्या दुपारी हे भाषणाची तयारी करत बसले होते. मूळ इंग्रजी घोषणा पुटपुटत होते. मी सहज विचारलं, तिसऱ्या आठ तासांचं त्यात काय म्हटलंय? हे म्हणाले, "जे आपल्या मनात येईल, त्यासाठी. लांबत होतं, म्हणून मी नुसतं आपले केलं."

"आपले म्हणजे तुमचे-माझे नाही?"

"नाही गं. आपले म्हणजे ज्याचे त्याचे."

हे आधी हसले. मग माझ्या तोंडाकडं बघून हसायचे थांबले. मला आजवर काय वाटत होतं ते मी सांगितलं. हे चष्मा काढून पुसत राहिले. मी म्हटलं, माझी काय चूक? तुम्ही मराठीत बोललात.

एक तारखेला मी अबोली साडी नेसून माझ्या ॲक्टिव्हावर गेटपाशी गेले, हे आधीच तिथं पोचले होते. सुट्टीचा दिवस म्हणून पाळी लवकर सुटली. पोरं आधी लांबच उभी होती, मोबाइल बघत. ह्यांनी शिकागो काढलं आणि एकेक जण जवळ सरकायला लागला. भाषण लवकर आटोपलं, हे खरं. पण मग पोरांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्या लोकांचं पुढं काय झालं, त्यांच्या बायकापोरांचं काय झालं, पगार कापला का. योगेश बापाला खेटून उभा होता, आणि हे हातवारे करून सांगत होते. हल्ली हातात असते ती काठी कुठं टेकवून ठेवली होती, ह्यांना भान नव्हतं. तोंडावर असा उजेड की दहा वर्षांनी लहान दिसावेत.

मी गाडीवर बसून बघत होते आणि मला कळलं. मला वाटायचं, युनियननं ह्यांचे आठ तास खाल्ले. कुणी काही खाल्लं नव्हतं. ह्यांच्या मनात हेच येत होतं, आणि हे तेच करत आले. ह्या माणसाला त्याचे आठ तास रोज मिळाले होते. मिळाले नव्हते ते मला. राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला नाही, नुसतं आत खूप लांबवर दुखलं.

सूर्य अजून हातभर वर होता. मी गाडी चालू केली.

धरणावर गर्दी होती, सुट्टीची. मी एक मोकळा दगड बघून बसले, शेंगा घेतल्या. पाणी तांबडं झालं, मग जांभळं. फार सुंदर होतं. ते बघताना शेजारी कुणी नाही, याचं एवढं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं. सूर्य गेल्यावर फोन वाजला. मागून पोरांचा गलका ऐकू येत होता.

"कुठं आहेस तू?"

"धरणावर."

मागचा गलका लांब गेला, हे बाजूला आले असावेत. मग म्हणाले, "थांब. आलोच मी."

हे शब्द मी संसारभर ऐकले आहेत. मी म्हटलं, "मी थांबलेली नाही. बसलेय. तुम्हाला यावंसं वाटलं तर या."

फोन ठेवला आणि उरलेल्या शेंगा सोलत बसले. अंधार झाला, लोक उठून जायला लागले. मागच्या रस्त्यावर गाडीचा दिवा चमकला की माझी मान मात्र वळत होती.