लांबचे मेंबर

लाजाळूच्या पानाला सकाळी बोट लावलं तर त्याच्या पर्णिका जोडीजोडीने मिटत जातात. दुपारपर्यंत बरीच मुलं हात लावून गेली की तेच पान हलत नाही. ते मेलेलं नसतं. हिरवं असतं, मुळांतून पाणी वर चढत असतं. स्पर्शाला उत्तर देणं तेवढं थांबलेलं असतं. शारजातल्या त्या बागेच्या काचघरात लाजाळूची एक कुंडी होती आणि २००९च्या मार्च-एप्रिलमध्ये दर शुक्रवारी मी तिच्यापाशी उभी राहत असे. माझं एम.एस्सी. वनस्पतीशास्त्रातलं, त्यामुळे मुलांना वाटायचं, आई अभ्यास करतेय.

बागेत आम्हाला तिकीट पडत नसे. अबू धाबीच्या एका छोट्या विज्ञान संग्रहालयाचं वर्षाचं फॅमिली कार्ड शैलेंद्रने बऱ्या दिवसांत काढलं होतं. त्या संग्रहालयाचा इतर काही बागांशी आणि संग्रहालयांशी करार होता : एकाचा मेंबर तो दुसऱ्याकडे पाहुणा. अट एकच. पाहुणा लांबचा हवा. बागेच्या जवळ राहणाऱ्याने बागेचंच मेंबर व्हायचं.

"जावयासारखं आहे हे," शैलेंद्र म्हणायचा. "परगावचा असला की पाटावर बसवतात. घरजावई झाला की, जरा दळण घेऊन या."

जानेवारीत त्याच्या कंपनीने टॉवरचं काम अर्ध्यावर थांबवलं आणि त्याला बिनपगारी रजेवर पाठवलं. व्हिसा चालू राहिला, पण पगार आणि कंपनीकडून मिळणारं घरभाडं बंद झालं. अबू धाबीतल्या मोहम्मद बिन झायद सिटीतला फ्लॅट आम्ही मार्चमध्ये सोडला आणि उम्म अल कुवैनला जहूरभाईंच्या घरात एका खोलीत आलो. जहूरभाई रत्नागिरीचे, शैलेंद्रबरोबर साइटवर होते, आता त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. भाड्याचं नाव काढलं तर त्यांची बायको शहनाझभाभी रागवायची. "वहिनी, असं बोलाल तर मी तुमच्या हातची आमटी खाणार नाही हां."

शुक्रवारी त्यांच्याकडे नमाजानंतर नातेवाईक जेवायला येत. आम्हाला कोणी जा म्हटलं नाही. पण सकाळीच मुलांना आंघोळी घालून आम्ही निघायचो. उम्म अल कुवैनहून बाग अगदी जवळ होती. कार्डावर पत्ता अजून अबू धाबीचा होता.

ईश्वरी नऊ वर्षांची, वेदांग सहाचा. जुनी शाळा फ्लॅटबरोबर सुटली होती. नवी शाळा 'पुढच्या महिन्यात' ठरायची होती. पुण्यात माझ्या भावाने, अनिलने, एका शाळेत दोघांसाठी जागा धरून ठेवल्या होत्या. शाळेला शनिवारपर्यंत उत्तर हवं होतं. शैलेंद्रला मी हे तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तो म्हणाला, "बघू. काम सुरू होईल इन्शाल्ला." मी 'बरं' म्हटलं. तेव्हा मला काही वाटत नसे. वरणात मीठ आहे का नाही तेही मला शहनाझभाभीला विचारावं लागे.

त्या शुक्रवारी गाडीत पुन्हा अनिलचा फोन आला. मी तो कापला.

"काय म्हणतोय साला?" शैलेंद्रने विचारलं.

"उद्या शेवटचा दिवस."

"त्याला म्हणावं, हबीबी, दम धर. पुण्यात काय ठेवलंय? दोन महिन्यांत इथे सगळं सुरळीत होईल."

"अगेन द सेम गार्डन?" ईश्वरी मागून म्हणाली.

"फुकट ते पौष्टिक," शैलेंद्र म्हणाला.

"व्हॉट्स पौष्टिक?" वेदांगने विचारलं.

खिडकीवर नेहमीचा नूरुद्दीन होता. केरळचा, आमच्याशी हिंदीत बोलायचा. त्याने कार्ड हातात घेतलं, पण नेहमीसारखं लगेच परत दिलं नाही.

"सर, नया रूल आया है. सबको पूछना पड़ता है. अभी आप लोग रहते कहाँ हैं?"

"वहीं. अबू धाबी," शैलेंद्र म्हणाला. "मोहम्मद बिन झायद सिटी."

"नो, बाबा," ईश्वरी म्हणाली. "वी लिव्ह इन जहूर अंकल्स हाऊस. इन उम्म अल कुवैन."

तिचा आवाज चढलेला नव्हता. शाळेत बाईंनी विचारल्यावर द्यावं तसं तिने उत्तर दिलं. शैलेंद्रने तिच्याकडे पाहिलं नाही. आमच्या मागे एक कुटुंब स्ट्रोलर घेऊन उभं होतं.

नूरुद्दीन अवघडला. "तो सर, यह कार्ड यहाँ नहीं चलेगा. आप पास वाले हो गए. टिकट ले लीजिए, चार लोगों का साठ दिरहम."

"म्हणजे आठशे रुपये," शैलेंद्र माझ्याकडे वळून म्हणाला. मग काचेकडे. "और मेंबरशिप?"

"फॅमिली का ढाई सौ. पूरा साल."

"बघ," शैलेंद्र म्हणाला. तो हसत होता, कानापर्यंत लाल झाला होता. "पाच वेळा आलो की वसूल. आता इथलेच आहोत ना आपण? मग इथलंच घेऊ. वर्षभर बघायला नको." त्याने पाकीट काढलं. "फॉर्म दो, भाई. यल्ला."

नूरुद्दीनने फॉर्म सरकवला. वर नाव, खाली पत्ता. शैलेंद्रने नाव लिहिलं. पत्त्याच्या रकान्याशी पेन थांबलं.

"जहूरचा पोस्ट बॉक्स नंबर काय गं?"

मला तो नंबर पाठ होता. जीभ वळायलाही लागली होती. पूरा साल, असं नूरुद्दीन म्हणाला होता. वर्षभर दर शुक्रवारी सकाळी आंघोळी, ही खिडकी, आणि बाकीचे दिवस त्या खोलीत मुलं भिंतीला पाठ लावून कार्टून बघणार. माझा हात फॉर्मवर कधी गेला ते कळलं नाही. कागद थंड होता. एसीचा झोत खिडकीतून थेट त्याच्यावर येत होता.

"अगं, नंबर सांग. मागे लाइन लागलीय."

"वर्षाचं घेऊ नकोस," मी म्हटलं.

"मग? तिकिटं काढू?"

"आजची काढ, चालेल. उद्या सकाळी मी अनिलला हो म्हणून सांगणार आहे. मुलांना घेऊन मी पुण्याला चाललेय, शैलेंद्र. परत यायला नाही."