एकशे बारांपैकी चार

"बुटक्यांनी पुढे या! आणि लुआन, ते कोंबडं खाली ठेव आधी!" थोंगसी मावशी ओरडली. "फोटो बँकॉकला जायचाय. मोठमोठे लोक बघणार आहेत."

नोंग सिम गावाच्या देवळासमोर अर्धं गाव ठेवणीतले कपडे घालून उन्हात उभं होतं. चांतिरा सगळ्यांना फोनच्या चौकटीत बसवायला बघत होती आणि माणसं काही बसत नव्हती. अर्जाला एवढा एकच फोटो जोडायचा राहिला होता: संशोधक, जिथे काम केलं त्या माणसांसोबत. मुदत आज संध्याकाळी पाचची.

पस्तिशीच्या आतल्या शास्त्रज्ञांचा पुरस्कार तो, आणि चांतिराला पुढच्याच महिन्यात पस्तीस पूर्ण होत होती. विद्यापीठातली तिची नोकरी दर वर्षी नव्या कागदावर सही करून रडतखडत पुढे गेलेली. पुरस्कार मिळाला तर तिला कायमची जागा, असं तिचे सर, आचान विरोत, यांनी वर भांडून कबूल करून घेतलं होतं. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

काम होतंही तसं देखणं. इकडची माणसं नदीतला मासा कच्चाच खातात, लिंबू-मिरची लावून. त्यातून यकृतात जंत जातो, वर्षानुवर्षं तिथे ठाण मांडून बसतो, आणि एक दिवस पित्तनलिकेचा कॅन्सर माणसाला घेऊन जातो. चांतिराचे वडील असेच गेले. गोळी दिली की जंत मरतो. पण लोक पुन्हा कच्चा मासा खातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. चांतिराने गावाला गोळ्या दिल्या आणि पुढचं दीड वर्ष बायकांच्या चुलीपाशी बसून काढलं. तोच मासा, तोच मसाला, पण शिजवून. मग पुन्हा तपासणी केली. दुसऱ्या गावांत निम्मे लोक पुन्हा सापडायचे. नोंग सिममध्ये सापडले एकशे बारांपैकी चार! आकडे बघून आचान विरोत खुर्चीतून उठलेच होते.

"काका कुठे आहेत?" चांतिराने विचारलं.

"ते नाही यायचे," मावशी म्हणाली. "खाज सुटलीय म्हणे अंगाला. तीन महिने झाले, नुसते खाजवत बसतात. मी म्हटलं, बसा घरात, फोटोत खाजवताना दिसाल."

चांतिराने फोन खाली केला. पित्त अडलं की अंगाला अशीच खाज सुटते हे तिला माहीत होतं; ती तडक काकांच्या घराकडे निघाली.

मावशीचे यजमान, खामसिंग काका, उंच खांबांवरच्या घराखाली बाजेवर टोपी डोळ्यांवर ओढून बसले होते. वडील गेल्यावर तिला सायकलवर बसवून तालुक्याच्या शाळेत पोचवणारा माणूस हाच. सहा वर्षं, रोज.

"काका, वर बघा जरा."

"काय बघू? थोबाड बघितलंस का माझं? कॅमेरा फुटेल तुझा."

तिने स्वतःच टोपी काढली. डोळे हळदीसारखे पिवळे होते.

"लघवी कशी होते?"

"काळ्या चहासारखी." काका कसनुसं हसले. "लहानाची मोठी केली त्या पोरीला आता हेही सांगायचं का?"

"मग दवाखान्यात का नाही गेलात?"

"कशाला? तूच तर तपासलंस. स्वच्छ निघालो ना मी?"

मावशी मागोमाग आली होती. चांतिरा तिच्याकडे वळली. "मावशी, खरं सांग. कच्चा मासा खाताय तुम्ही?"

"अगं, अधूनमधून. सणवार असतो, पाहुणे येतात. शिजवलेला वाईट नसतो गं, पण ती चव नाही, बाई. तुझ्यासमोर मात्र सगळे मिटक्या मारत खायचे की नाही? आणि तुझ्या तपासणीत आम्ही काही कमी पडू दिलं नाही हं!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय! गावप्रमुखाकडे तुझं पत्र महिनाभर आधी आलं होतं. मी सगळ्यांना देवळात बसवलं. म्हटलं, आपल्या पोरीची परीक्षा आहे, आपल्यापायी ती नापास व्हायला नको. तालुक्यातून गोळ्या आणल्या आणि एकेकाला माझ्यासमोर गिळायला लावल्या. गावची आरोग्यसेविका उगीच म्हणवत नाही मी!" मावशीचा चेहरा नुसता फुलला होता. "ते चार जण तेवढे पोराकडे शहरात गेले होते. नाहीतर पैकीच्या पैकी आले असते तुला."

चांतिरा बाजेच्या कडेवर बसली. दीड वर्षाच्या कामावर गावाने मायेने पाणी ओतलं होतं. ओरडावं तर कुणावर? बाहेर उन्हात माणसं अजून तशीच ओळीने उभी होती, तिच्यासाठी.

भाताच्या गंजीमागे जाऊन तिने आचान विरोतना फोन लावला.

"गेला का अर्ज?"

"सर, आकडे खोटे आहेत." तिने एका दमात सगळं सांगितलं.

पलीकडे खुर्ची मागे सारल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "तू लबाडी केलेली नाहीस, चांतिरा. समोर आलं ते मोजलंस आणि लिहिलंस. अर्ज पाठव, मग सावकाश बघू. समज, हे तुला उद्या कळलं असतं तर?"

"आज कळलंय, सर."

"तुझ्या जागेसाठी मी किती जणांशी भांडलोय, तुला कल्पना नाही." त्यांचा आवाज थकलेला होता. "बघ बाई. पाचपर्यंत वेळ आहे तुझ्याकडे."

शेजाऱ्याच्या गाडीत काकांना मागे आडवं करून चांतिरा आणि मावशी जिल्ह्याच्या इस्पितळाकडे निघाल्या. अर्ध्या वाटेत मावशीने विचारलं, "आमचं काही चुकलं का गं?"

"चुकलं," चांतिरा म्हणाली.

मावशी पुढे सगळा रस्ता मांडीवरच्या जेवणाच्या टोपलीचं झाकण चाचपत राहिली. चांतिराला आपल्याच तोंडाचा राग आला, पण शब्द काही परत घेता येईना.

इस्पितळात काकांना सोनोग्राफीला आत नेलं, तेव्हा सव्वाचार झाले होते. चांतिरा बाकावर बसली. फोनमध्ये अर्ज तयार होता. गावातला एखादा जुना फोटो चिकटवायचा आणि बटण दाबायचं, दोन मिनिटांचं काम. कुणाला कळणार होतं? मावशी जन्मात बोलली नसती, गाव बोललं नसतं. तिचं बोट एकदा बटणापर्यंत गेलंसुद्धा.

"खामसिंगचे कोण आहेत?" तरुण डॉक्टर बाहेर आला. तो सरळ बोलणारा होता. "पित्तनलिकेत गाठ आहे, मोठी. ऑपरेशन होईल का ते बघू, पण खोटी आशा दाखवणार नाही मी. तीन महिने काय करत होता तुम्ही?"

मावशीने घाईघाईने पिशवीतून प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेला कागद काढला. "हे बघा ना डॉक्टर, हे स्वच्छ होते. विद्यापीठाचा कागद आहे. म्हणून तर मी दवाखान्यात जाऊ दिलं नाही."

डॉक्टरने कागद उलटसुलट करून बघितला. "कोणी केली ही तपासणी?"

 मावशी चांतिराच्या पुढे येऊन उभी राहिली. "चूक आमची आहे डॉक्टर, आम्हीच ते—"

"मी केली," चांतिरा म्हणाली. "सही माझी आहे. निकाल चुकीचा आहे, आणि यांचा एकट्याचा नाही. गावातल्या एकशे आठ जणांना मी असाच कागद दिलाय."

डॉक्टरने तिच्याकडे नीट बघितलं. "लिहून द्याल?"

"देते."

तिने पेन मागून घेतलं. काकांच्या कागदावर आडवी रेघ मारली, खाली कारण लिहिलं, पूर्ण नाव, हुद्दा आणि तारीख घालून सही केली.

"बाकीच्यांना लगेच बोलवावं लागेल," डॉक्टर म्हणाला. "यादी आहे?"

यादी विद्यापीठात होती, पण चांतिराला एकूण एक नाव पाठ होतं. डॉक्टरने कोरे कागद दिले आणि ती बाकावर बसून लिहू लागली. पहिलं नाव तिने मावशीचं लिहिलं. मावशीने ते वाचलं. तिने जेवणाच्या टोपलीचं झाकण काढून कागदाखाली सरकवलं, लिहायला आधार म्हणून.

पाच वाजले तेव्हा एकवीस नावं झाली होती.

"ब्वाथोंगचं वर घे," मावशी खाली मान घालून म्हणाली. "आठवडाभर पोटात दुखतंय म्हणत होता. मीच त्याला गप्प बसवलं."